कलप, काळी मेंदी आणि पाठीवरच्या पट्ट्या

पस्तिशीत कानशिलांजवळ पहिले पांढरे केस दिसले, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी, मी काळ्या मेंदीची पुडी पाण्यात कालवून केसांना लावत आले. कलप हा शब्द आमच्या घरात किंचित कमीपणाचा मानला जाई. मेंदी म्हटले की ती झाडाची, म्हणजे निरुपद्रवी, असे आम्ही सगळ्याच बायका धरून चालत होतो. पुडीच्या मागे अगदी बारीक अक्षरांत ‘प्रत्येक वापराच्या ४८ तास आधी चाचणी घ्यावी’ असे छापलेले असे. अकरा वर्षांत मी ती एकदाही घेतली नाही, कारण कधी काही झालेच नव्हते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये, भाच्याच्या लग्नाच्या आठ दिवस आधी, ते झाले. शनिवारी मेंदी लावली, रविवारी रात्री भांगात आणि कानांमागे खाज सुटली आणि सोमवारी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डावा डोळा बोटांनी उघडावा लागला. कानांच्या पाळ्यांमागून पाणी झिरपत होते. सासूबाई म्हणाल्या, “उन्हाळा बाधला असेल, चंदन लाव.” चंदन लावले नाही हे बरे केले. त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या खेपेला पुडी घेऊन या, असे बजावले.

पुडीवरचे घटक मी मोबाइलच्या उजेडात तेव्हा प्रथम वाचले. मेंदीच्या पानांच्या जोडीला त्यात पॅरा-फिनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, आणि बेरियम पेरॉक्साइड ही नावे होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे, की मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडा असतो आणि अर्ध्या तासात काळाभोर रंग देणे त्या पानाला शक्यच नाही. ते काम पीपीडी करते. त्याचे लहान, रंगहीन रेणू केसात शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि गडद होतात आणि तेथेच अडकून बसतात. या क्रियेत जे अर्धवट राहते ते टाळूच्या त्वचेला चिकटते, आणि एकदा का शरीराने त्याला शत्रू म्हणून ओळखले की ती ओळख सहसा पुसली जात नाही. अकरा वर्षे त्रास न होणे हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हते. वारंवार लावण्यातूनच ही ओळख घडत आली असावी.

खात्री करण्यासाठी पॅच टेस्ट करायची ठरली, पण ती लगेच होत नाही. आधी स्टेरॉइडचा अंमल उतरावा लागतो, शिवाय मुंबईच्या घामात पट्ट्या पाठीवर टिकत नाहीत, म्हणून मला जानेवारीत बोलावण्यात आले. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात सोमवारी केसपेपर काढला. डॉक्टरांनी पाठीवर कागदी चिकटपट्टीने ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या चकत्यांच्या रांगा लावल्या. प्रत्येक चकतीत निरनिराळा पदार्थ व्हॅसलीनमध्ये मिसळून भरलेला होता आणि बाजूला पेनने आकडे लिहिलेले होते. बुधवारी पट्ट्या काढायच्या आणि शुक्रवारी पुन्हा दाखवायचे. तोवर पाठ भिजू द्यायची नाही, डोके धुवायचे नाही, घाम येईल असे काही करायचे नाही. शेवटची अट करी रोडहून सकाळी गाडी पकडणाऱ्या बाईला सांगणे म्हणजे थट्टाच आहे. दोन दिवस मी डब्याच्या दाराजवळ कोणाची बॅग पाठीला घासणार नाही अशी तिरकी उभी राहून फोर्टला गेले आणि बँकेच्या खुर्चीला पाठ न टेकता काम केले.

बुधवारी फक्त एका चकतीखाली लाली होती. शुक्रवारी तेथे डाळीएवढे पुरळ उठून कातडी जाड झाली होती. डॉक्टरांनी कागदावर पीपीडीपुढे दोन अधिक चिन्हे काढली, म्हणजे ॲलर्जी ठळक होती, आणि शेजारी आणखी एक नाव लिहिले: टोल्युइन-डायमिन. पीपीडी नसलेले म्हणून विकले जाणारे पुष्कळ रंग याच्यावर चालतात आणि पीपीडीची ॲलर्जी असलेल्या अनेकांना हेही सोसत नाही. रंगांच्या खोक्यांवरच्या ‘अमोनियाविरहित’ या शब्दाचा तर माझ्या दुखण्याशी काही संबंधच नव्हता; अमोनियाचे काम केसाचे बाहेरचे खवले उघडणे एवढेच, आणि तो नसला तरी रंगाचे रेणू तेच असू शकतात.

एव्हाना नऊ महिने रंग न लावल्याने भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीची पांढरी पट्टी आली होती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, हे ज्ञान या काळात फार हळूहळू पचते. ऑफिसात “बरं नाही का गं?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येई. नुसती मेंदी आणि वर निळीच्या झाडाच्या पानांची शुद्ध पूड लावण्याचा मार्ग खुला होता, पण नीळ लावलेले केस पुढे ब्लीच केल्यास हिरवट होऊ शकतात, हे माझ्या मुलीने पार्लरमध्ये ऐकले होते. तिने नुकतेच बालायाज, म्हणजे काही बटा हाताने ब्लीच लावून उजळ करणे, करून घेतले होते. तिच्याच पार्लरमधल्या मुलीकडे मी गेले.

त्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, “ताई, आधी काळी मेंदी लावत होता का?” हो म्हणताच तिने रंग लावायला साफ नकार दिला आणि मानेमागची एक बारीक बट कापून वाटीत ब्लीचमध्ये बुडवली. अशा पुड्यांत धातूचे क्षार असले तर बट तापते, म्हणून ती मधून मधून वाटीला हात लावून पाहत होती. तापली नाही. पण चाळीस मिनिटांनी मुळाकडचा भाग पिवळसर झाला आणि टोके विटेसारखी तांबडी राहिली. “जुना रंग कापूनच टाकावा लागेल,” ती म्हणाली. स्वतःचे गिऱ्हाईक आठ महिने पुढे ढकलणारी पार्लरवाली मी प्रथमच पाहिली.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत तीन वेळा केस कापले. मग तिने ग्रे ब्लेंडिंग केले, म्हणजे पांढरे केस झाकण्याऐवजी उरलेल्या काळ्यांतल्या बारीक बटा उजळ करून दोन्हींची सरमिसळ केली. ब्लीचमध्ये पीपीडी नसते; तरीही ते टाळूला लागू नये म्हणून बटा फॉइलमध्ये बांधल्या आणि वीस व्हॉल्यूमचे, म्हणजे सहा टक्क्यांचे पेरॉक्साइड वापरले. नंतरचा टोनर, म्हणजे ब्लीच केलेल्या केसांची छटा सुधारणारा रंग, आम्ही टाळला, कारण त्यात नेमके ते दुसरे नाव, टोल्युइन-डायमिन, निघाले. पिवळेपणा घालवण्यासाठी जांभळा शाम्पू घेतला आणि तो कानामागे लावून या वेळी खरोखर ४८ तास थांबले.

ब्लीच केलेला केस सच्छिद्र होतो आणि पाणी पटकन पितो. मे महिन्यात आमच्या इमारतीत बोअरवेलच्या पाण्याचा टँकर आला की माझे केस काथ्यासारखे होतात, पालिकेच्या नळाला येणाऱ्या तलावाच्या पाण्यात ते तसे होत नाहीत. धुण्यापूर्वी रात्री खोबरेल लावते. खोबरेलामुळे केसातील प्रथिने कमी वाहून जातात, असे मुंबईतल्याच एका तेल-कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले होते. कंपनी तेलाची आहे हे मी ध्यानात ठेवले आहे, पण माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे.

गेल्या महिन्यात दाताच्या दवाखान्यात फॉर्म भरताना ‘ॲलर्जी’च्या रकान्यात मी पीपीडीचे पूर्ण नाव लिहिले, कारण बधिर करण्याच्या काही औषधांनाही, उदाहरणार्थ बेन्झोकेनला, तेच शरीर भुलते असे डॉक्टरांनी सांगितले होते. समोरच्या मुलाने ते दोनदा वाचले आणि विचारले, “मॅडम, ही गोळी कशासाठी घ्यायचात?” “काळी मेंदी,” मी म्हटले. त्याने कंसात तेही लिहून घेतले.