नेमार आला नाही तरी गेलोच: कोल्हापुरातनं नेरुळला अल हिलालची मॅच बघायला

२४ ऑगस्ट २०२३ ला एएफसी चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेचा, ड्रॉ निघाला आणि आपल्या मुंबई सिटी क्लबच्या ग्रुपमध्ये सौदीचं अल हिलाल आलं, आणि आमच्या पेठेत नुसता दंगा सुरू झाला, कारण नऊच दिवस आधी, १५ ऑगस्टला, ब्राझीलचा नेमार पॅरिसचा क्लब सोडून ह्याच अल हिलालमध्ये गेला होता. म्हणजे नेमार आता महाराष्ट्रात येऊन खेळणार. बाहेरच्या माणसाला ह्यात एवढं काय असं वाटंल, पण ज्या गावात वर्ल्डकप आला की चौकाचौकात नेमार आणि मेस्सीचे कटआउट उभे राहतात, एक गल्ली ब्राझीलची पिवळी आणि शेजारची अर्जेंटिनाची निळी-पांढरी होते, त्या गावासाठी ही बातमी केवढी होती ते कोल्हापूरकरालाच कळणार. तालमीच्या कट्ट्यावर त्याच रात्री ठरलं, जायचंच.

आधी सगळे बालेवाडी बालेवाडी करत होते कारण मुंबई सिटीच्या एएफसीच्या घरच्या मॅच पुण्याला बालेवाडीत होत्या, पुणं म्हणजे आपल्याला जवळ. पण अल हिलालची मॅच नवी मुंबईला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठेवली, ६ नोव्हेंबरला, सोमवारी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. सोमवार म्हणल्यावर नोकरीवाले थोडे गळले. आणि मग ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडनं खेळताना उरुग्वेविरुद्धच्या मॅचमध्ये नेमारचा गुडघा गेला. आपल्याकडं पहाटेची वेळ, मी लाइव्ह बघत होतो, स्ट्रेचरवर तो तोंड झाकून रडत होता आणि माझ्याच पोटात गोळा आला. सकाळी ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, आता कशाला जायचं.

खरं सांगतो, त्या दिवशी मलाही काही बोलायला सुचलं नाही. पण आमच्या तालमीत एक जुने खेळाडू आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात, एकेकाळी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचे बचावपटू म्हणून खेळायचे आणि आता पोरांना सकाळी शिकवतात. ते कट्ट्यावर आले आणि म्हणाले, "अरे पोरांनो, उरलेले दहा जण काय गोट्या खेळायला येणार हाईत व्हय? चला गप." मामा आयुष्यात कधी एवढ्या मोठ्या मॅचला गेले नव्हते. मामा येणार म्हणल्यावर जे डळमळीत होते तेही परत तयार झाले. काही जण मात्र खरंच गळले आणि त्यांना आजही हळहळ वाटते.

आता तिकिटाचं नीट सांगतो कारण लोक मला तेच विचारतात. आपल्याकडं शाहू स्टेडियमला काय असतं, गेटवर जायचं, खिडकीवर पैसे द्यायचे, तिकीट घ्यायचं आणि आत जाऊन पायरीवर बसायचं, जागा मिळंल तिथं. इथं सगळं ॲपवर. आधी लॉगिन, मग मॅच निवडायची, मग स्टेडियमचा गोल नकाशा येतो आणि त्यात रंगीत तुकडे, एकेक तुकडा म्हणजे एकेक स्टँड, रंगानुसार किंमत. एका खात्यावरनं ठरावीकच तिकिटं निघतात, त्यामुळं मोठा ग्रुप असला तर दोघातिघांनी एकाच वेळी फोन घेऊन शेजारी बसायचं आणि एकच ब्लॉक निवडायचा, नाहीतर निम्मे एकीकडं आणि निम्मे पार समोरच्या बाजूला. आम्ही तसंच केलं, कट्ट्यावर बसूनच. एका मित्राचे पैसे खात्यातनं कापले गेले आणि तिकीटच आलं नाही, स्क्रीन नुसती फिरत राहिली. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरायचे नाहीत, आधी ॲपमध्ये आपलं बुकिंग दिसतंय का बघायचं, व्यवहाराच्या नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि मगच पुढं. त्याचे पैसे काही दिवसांनी परत आले आणि तिकीट दुसऱ्याच्या फोनवरनं काढलं. आणि सोशल मीडियावर "एक्स्ट्रा तिकीट आहे भावा, आधी पैसे पाठव" म्हणणारे लय असतात, त्यांच्याकडनं अजिबात घ्यायचं नाही, एकच क्यूआर कोड चार जणांना विकला तर गेटवर पहिला आत जातो आणि बाकीचे तीन रस्त्यावर.

कुठं बसायचं ह्यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. पोरांना खालचं पाहिजे होतं, खेळाडू जवळनं दिसतील म्हणून. पण डी. वाय. पाटील हे मुळात क्रिकेटचं मैदान आहे. २००८ ला सुरू झालं आणि पहिल्या आयपीएलची फायनल तिथंच झाली. मैदान गोल आणि फुटबॉलचा आयत त्याच्या मध्ये, त्यामुळं खालच्या रांगेत बसलं तरी टचलाइन, म्हणजे मैदानाची बाजूची रेषा, लांबच राहते आणि शिवाय सगळे खेळाडू एकमेकांच्या आड येतात. मैदानाच्या लांब बाजूला, वरच्या मजल्यावर बसलं की अख्खा खेळ तळहातावर दिसतो. छताला मध्ये खांबच नाहीत, त्यामुळं नजरेआड काही येत नाही. मामांनी वरचंच घ्यायला लावलं. तिथं फुटबॉल बघायचा असंल तर मी आजही वरचंच घ्या म्हणून सांगीन, भले दोन जिने जास्त चढावे लागोत.

जायचं कसं? महालक्ष्मी एक्स्प्रेस चांगली आहे पण ती कर्जत-कल्याणवरनं सीएसएमटीला जाते, आणि आपल्याला जायचंय नेरुळला, म्हणजे तिथनं परत हार्बरची लोकल पकडून उलटं यायचं. त्यापेक्षा बस बरी. कोल्हापूरची मुंबई बस एक्स्प्रेसवेवरनं पनवेल, कळंबोली करत सायन-पनवेल हायवेनं जाते आणि स्टेडियम त्या हायवेला लागूनच आहे, नेरुळच्या एलपी स्टॉपला उतरायचं की झालं. आम्ही तावडे हॉटेलपासनं पहाटेच बसलो, कारण तेव्हा कागल-सातारा रस्त्याचं काम चालू होतं, कधी कुठं डायव्हर्शन लागंल सांगता येत नव्हतं, आणि मॅच रात्री उशिराची असली तरी धावतपळत आत जाण्यात मजा नाही. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, दुपारी पोचलो, जेवलो, मामांनी सावलीला जरा अंग टाकलं.

एक गोष्ट मला बसमध्ये मामांनीच सांगितली, डी. वाय. पाटील म्हणजे मूळचे आपल्याच कोल्हापूरचे, इथं नगराध्यक्ष होते आणि मग राज्यपालपदापर्यंत गेले. स्टेडियमवर ते नाव एवढ्या मोठ्या अक्षरात दिसल्यावर आमच्या पोरांनी तिथंच शिट्ट्या मारल्या.

गेटचं सांगतो. तिकिटावर गेट नंबर असतो आणि त्याच गेटनं जायचं. स्टेडियमला पूर्ण वळसा घालायला चांगलाच वेळ लागतो, त्यामुळं रिक्षावाल्याला नुसतं स्टेडियम न सांगता आधी नकाशात गेट बघून ठेवा. पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, खायचे डबे, सगळं बाहेर. आमच्यातल्या एकाच्या आईनं चिवड्याची पिशवी दिली होती, ती बाहेरच सगळ्यांनी मिळून संपवली. फोन पूर्ण चार्ज करून ठेवायचा कारण तिकीट फोनवर आणि पॉवर बँक आत नेता येत नाही, आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवायचा, एवढ्या गर्दीत नेटवर्क गायब होतं. झेंडा चालतो, काठी चालत नाही.

आणि आत गेलो. जिन्यावरनं वर येताना शेवटच्या पायरीला एकदम ते हिरवं मैदान दिव्यात उघडतं आणि मला खरंच भरून आलं. मामा काही बोलले नाहीत, नुसतं रेलिंग धरून बघत राहिले. लहानपणापासनं आम्ही बघितलं ते शाहू स्टेडियम, तिथले आपले संघ, पाटाकडील विरुद्ध शिवाजी, दिलबहार विरुद्ध खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, सगळे रंग अंगावर आणि पायऱ्या खच्चून भरलेल्या, तिथला आवाज जगात कुठं नाही असं मी छातीठोकपणे सांगतो. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले असं आपल्याच गावात. पण इथला आवाज वेगळा होता. एका बाजूला मुंबई सिटीचे पाठीराखे, वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, ढोल बडवत मॅच संपेपर्यंत गाणारे, समोरचा गोल होऊ दे नाहीतर आपल्याला लाल कार्ड मिळू दे, ते थांबत नाहीत. आणि सगळीकडं पिवळे जर्सीवाले, नेमार नाही माहीत असून त्याचं नाव पाठीवर घालून आलेले. आमची पोरंही त्यातलीच.

मॅचला मुंबईला कुणी चान्स देत नव्हतं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी रियाधला ह्याच अल हिलालकडनं ते ०-६ हरले होते. पण पहिला हाफ ०-०. गोलकीपर फुर्बा लाचेन्पा, सिक्कीमचा पोरगा, त्यानं जे अडवलं ते बघून अख्खं स्टेडियम उभं राहत होतं. दुसरा हाफ सुरू होऊन थोड्याच वेळात मुंबईच्या मेहताब सिंगला लाल कार्ड, दहा जण राहिले, मग अल हिलालच्या मिकाएलचा गोल आणि शेवटी शेवटी मित्रोविचचा, ०-२.

पण मला ह्या मॅचचं सांगायचंय ते स्कोअरच्या पलीकडचं आहे. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागं पळतो, आपल्याला दिसतो तो फक्त बॉल आणि त्याच्या आजूबाजूचे चारपाच जण. वरनं बसून मी पहिल्यांदा बघितलं की बॉल डाव्या बाजूला असताना अल हिलालचा उजवा विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा खेळाडू, पार टचलाइनला चिकटून उभा राहतो, बॉल येणार नाही हे माहीत असून, फक्त समोरच्या बॅकला तिथं अडकवून ठेवायला. आणि मुंबईचे दहा जण राहिल्यावर कसे सगळे एकत्र इकडंतिकडं सरकत होते, दोघांतलं अंतर जराही वाढू देत नव्हते. मामा मला सारखं म्हणत होते, "बॉलकडं बघू नकोस, ज्याच्याकडं बॉल नाही त्याच्याकडं बघ." त्यांनी राइट बॅकवरनं नजर काढली नाही. मध्येच म्हणाले, "आम्ही असा बॉल आला की नुसता लांब मारायचो. हे बघ, हा थांबतो, आधी माणूस आपल्याकडं ओढतो, मग देतो." आता ते सकाळी पोरांना तेच शिकवतात, मोठा फटका मारला की ओरडतात.

म्हणून मला वाटतं की आपल्या गावातल्या खेळणाऱ्या पोरांनी एकदा तरी अशी मॅच स्टेडियममध्ये बसून बघितलीच पाहिजे. आपल्याकडं दम आहे, ताकद आहे, वेडेपणा तर आहेच, अनिकेत जाधवसारखा पोरगा इथनं निघून २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. पण जागा कशी तयार करायची ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मोबाइलवरच्या हायलाइट्समध्ये ते कधीच दिसणार नाही, तिथं फक्त गोल दिसतात.

येतानाचं तेवढं जपून करा. मॅच संपल्यावर सगळे एकदम बाहेर येतात, रिक्षा आणि कॅबचे भाव आभाळाला लागतात आणि स्टेडियमसमोर गाडी मिळायची आशा सोडायची. आम्ही परतीची रात्रीची बस आधीच बुक केलेली, पिकअप कळंबोली मॅकडोनाल्ड्सचा, तिथं कोल्हापूरकडच्या गाड्या थांबतात. हायवेनं थोडं चालत पुढं गेलो, गर्दी संपल्यावर गाडी मिळाली. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे त्यांनी नेरुळलाच रात्र काढून सकाळी निघालं तर जास्त बरं, मामा दमले होते, बोलून दाखवलं नाही तरी दिसत होतं.

मुंबई सिटी त्या ग्रुपमधल्या सहाच्या सहा मॅच हरली आणि त्याच सीझनला, ४ मे २०२४ ला, कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची ट्रॉफी घेऊन आली. त्यांचं नेहमीचं घर अंधेरीला, वीरा देसाई रोडवरच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, मेट्रोच्या आझाद नगर स्टेशनपासनं चालत जाता येतं. ते मैदान छोटं आहे आणि प्रेक्षक खूप जवळ बसतात, त्यामुळं तिथं मी वर सांगितलेला वरच्या मजल्याचा हिशोब विसरा, मैदानाच्या लांब बाजूला मधोमध मिळंल ते घ्या. फक्त सीटा कमी असल्यामुळं मोठ्या संघाबरोबरच्या मॅचची तिकिटं पटकन जातात, विक्री सुरू व्हायच्या आधीच खातं काढून, लॉगिन करून तयार राहा. शाळेतली पोरं न्यायची असतील तर शनिवार-रविवारची मॅच बघा आणि मॅचबाहेरच्या गोष्टी, म्हणजे बस, जेवण, रात्री राहायची सोय, हे तिकीट काढायच्या आधी ठरवा.