पुडी फाडण्याआधी

सोमवार, रात्री

दर महिन्याच्या वर्गणीवर येणारा सौंदर्यप्रसाधनांच्या नमुन्यांचा बॉक्स आला. कागदाच्या गुलाबी पट्ट्या बाजूला सारून आतला माल टेबलावर मांडला: १० ग्रॅमची सनस्क्रीनची ट्यूब, ५ मिली नायसिनमाइड (‘बी३’ जीवनसत्त्वाचा प्रकार) सीरमची ड्रॉपरवाली बाटली, रेटिनॉलच्या (‘ए’ जीवनसत्त्वाचा प्रकार) नाइट क्रीमच्या दोन-दोन ग्रॅमच्या दोन पुड्या, एक मिनी लिपस्टिक, तीन शेड्सचं फाउंडेशन चिकटवलेलं कार्ड आणि २ मिली परफ्यूमची कुपी.

सगळं आजच लावून बघायची हौस येते. ती मारायची. रात्री एकदम चार गोष्टी थापल्या आणि सकाळी गालावर पुरळ उठलं, तर कोणामुळे उठलं ते सांगता येत नाही, आणि मग चारही वस्तू संशयापोटी कचऱ्यात जातात. चेहऱ्यावर एका वेळी एकच नवी वस्तू, बाकीचं सगळं रोजचं.

आज फक्त वजनं आणि तारखा लिहून ठेवल्या. नमुन्याला काय विचारायचं हे त्याच्या वजनावर ठरतं. २ ग्रॅम क्रीम डाग घालवतं का, हा प्रश्नच चुकीचा. ते झोंबतं का, ओशट वाटतं का, वास सहन होतो का, एवढंच ते सांगू शकतं. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त. चार दिवसांत ‘ग्लो’ आला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो ग्लिसरीनने धरून ठेवलेला ओलावा असतो. तोही चांगलाच, पण तो ५० रुपयांच्या मॉइश्चरायझरमध्येही मिळतो.

मंगळवार

लेबलं वाचायला बसले आणि नेहमीचीच अडचण आली: घटकांची यादी नाही. यात कुणी लबाडी केलेली नसते. आपल्याकडच्या २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत ६० मिलीपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालावर घटक छापायची सक्ती नाही. १० ग्रॅमपर्यंतच्या घट्ट आणि २५ मिलीपर्यंतच्या पातळ मालावर बॅच नंबर नसला तरी चालतो. म्हणजे बॉक्समधल्या जवळजवळ सगळ्याच वस्तू सवलतीत बसतात. ‘यूज बिफोर’ तारीख मात्र हवीच. पुडीवर ती पुष्कळदा शाईने न छापता काठाच्या चुण्यांत ठोकलेली असते. बोटाने चाचपून, टॉर्च तिरका धरून वाचावी लागते. तीन महिन्यांच्या आत संपणारा माल बॉक्समध्ये निघाला तर लगेच फोटो काढून कळवायचं. वापरून झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

घटकांसाठी पूर्ण आकाराच्या पॅकचा मागचा फोटो शोधायचा. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. खूण म्हणून फेनॉक्सिएथेनॉल शोधावं. ते माल टिकवण्यासाठी घालतात आणि १ टक्क्याच्या आतच घालतात. त्याच्या खाली लिहिलेला केशर, चंदन नाहीतर मोत्यांचा अर्क किती असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. पुढच्या बाजूला मात्र केशराचं फूल अर्धं पान व्यापून बसलेलं असतं!

आधी कशाने तरी ॲलर्जी झाली असेल तर ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ आणि ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ (माल टिकवणारं एक द्रव्य) हे शब्द आधी शोधायचे. ‘नैसर्गिक’ म्हटलेल्या मालातली लव्हेंडर, लिंबू यांची तेलंही त्याच रांगेत बसवायची.

पॅच टेस्ट आजपासून सुरू. कोपराच्या आतल्या खळगीत रुपयाच्या नाण्याएवढी जागा पेनने आखायची, त्यावर सकाळ-संध्याकाळ थोडं लावायचं, असं आठवडाभर. एकदा लावून तासाभरात ‘काही झालं नाही’ म्हणणं ही पॅच टेस्ट नव्हे. खरी ॲलर्जी बहुधा ४८ ते ७२ तासांनी वर येते. लावल्या लावल्या होणारी जळजळ वेगळी, ती बहुतेक वेळा माल तीव्र असल्याची. खाज, लाली, बारीक पाणीदार पुरळ दोन-तीन दिवसांनी आलं आणि आखलेल्या जागेबाहेर पसरलं, तर ती वस्तू संपली. कमी प्रमाणात लावून बघू वगैरे काही नाही. डाव्या हातावर सीरम, उजव्यावर सनस्क्रीन. हातांवर दोन वस्तू चालतात, कारण जागा वेगळ्या असतात.

गुरुवार

लिपस्टिकचं टोपण काढलं तर कांडीवर घामासारखे बारीक थेंब. मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत दिवसभर पडलेल्या मालाचं हे होतंच, नागपूर-अकोल्याकडे तर हमखास. उष्णतेने आतलं तेल मेणातून सुटून वर येतं. माल बिघडलेला नसतो. कांडी उभी ठेवून, घरातल्या थंड कपाटात रात्रभर ठेवायची आणि सकाळी टिश्यूने हलकेच टिपून घ्यायची. फ्रीझरमध्ये घातली की बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं आणि कांडी बुडाशी सुटते. वास मात्र घ्यायचा. खवट, जुन्या शेंगदाण्यासारखा आला तर फेकायची.

शिया बटरचा लिप बाम असाच वितळून पुन्हा गोठला की ओठांना रवाळ लागतो. तो निर्धोक असतो, फक्त लावायला छान वाटत नाही. क्रीम फुटून वर पाणी आणि खाली गोळा झाला असेल तर प्रकरण वेगळं. पाणी आणि तेल धरून ठेवणारी घडी मोडली की आतलं संरक्षक द्रव्यही सगळीकडे सारखं राहत नाही. हलवून, ढवळून ते एक होत नाही. सनस्क्रीनचं असं झालं तर एसपीएफवर, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्या छापील आकड्यावर, भरवसाच नको.

शनिवार

फाउंडेशनचं कार्ड. हे लगेच तपासता येतं, कारण प्रश्न रंगाचा आहे. मनगटावर लावून बघण्यात काही हशील नाही. मनगट आणि चेहरा एका रंगाचे क्वचितच असतात. जबड्याच्या कडेला तीन उभे पट्टे ओढायचे, अर्धे गालावर, अर्धे मानेकडे उतरलेले. खिडकीपाशी उजेडात आरसा धरायचा. बाथरूममधल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच जुळतं.

आणि थांबायचं, किमान २० मिनिटं. वरचा उडणारा भाग वाळतो, आतली लोहाची रंगद्रव्यं त्वचेच्या तेलात मिसळतात आणि शेड अर्ध्या छटेने तरी गडद होते, कधी नारिंगी झाक मारते. दुकानात पाच मिनिटांत घेतलेलं फाउंडेशन लग्नाच्या फोटोत मानेपेक्षा वेगळं दिसतं ते यामुळे. मधला पट्टा लावल्या लावल्या बरोबर वाटला होता, अर्ध्या तासाने त्याहून फिका पहिला बरोबर ठरला.

रविवार

पैशांचा हिशेब. बॉक्सवर आतल्या मालाची किंमत छापलेली असते आणि ती आपण दिलेल्या पैशांच्या तिप्पट-चौपट दिसते. ती धरूच नये. पूर्ण पॅकच्या किमतीला त्याच्या वजनाने भागावं: ५० ग्रॅमचं सनस्क्रीन ५०० रुपयांना असेल तर १० ग्रॅमचे १०० रुपये, ३० मिली सीरम ६०० ला असेल तर ५ मिलीचे १००. मग यातलं स्वतःच्या पैशाने मी काय घेतलं असतं, तेवढ्याचीच बेरीज. फाउंडेशनच्या कार्डाची किंमत मी शून्य धरते, तीनपैकी दोन शेड्स आपल्या नसतातच. पुड्या तर दुकानात मागितल्या तरी पुष्कळदा मिळतात.

हा धंदा उभा आहे तो वेगळ्याच हिशेबावर. न्यूयॉर्कमध्ये २०१० मध्ये बर्चबॉक्स सुरू झालं, महिना १० डॉलरमध्ये चार-पाच नमुने. ब्रँडला नवा माल योग्य माणसाच्या हातात पडायला हवा असतो, म्हणून नमुने फुकट किंवा नाममात्र दरात मिळतात, आणि बॉक्सवाल्यांची खरी मदार असते ती आपण पूर्ण आकाराची बाटली त्यांच्याकडूनच घेऊ यावर. आपल्याकडे विनीता सिंह आणि कौशिक मुखर्जी यांनी २०१२ मध्ये मुंबईतून फॅब बॅग सुरू केली. बायकांना नेमकं काय हवंय ते त्या धंद्यात कळलं आणि त्यातूनच पुढे शुगर हा मेकअपचा ब्रँड उभा राहिला. तेव्हा सभासद होताना भरायचा तो फॉर्म, त्वचा कोरडी की तेलकट, वय, रंग, केस, ही काही नुसती औपचारिकता नव्हे. खरा माल तोच. तो नीट भरला तरच बॉक्स उपयोगाचा येतो. ‘सर्व प्रकार’ असं टिक केलं की उरलेलं येतं.

बुधवार

पॅच टेस्टमध्ये हातांवर काही उठलं नाही, तेव्हा सनस्क्रीन चेहऱ्यावर. एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाड थरावर. चेहरा आणि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम लागतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. म्हणजे १० ग्रॅमची ट्यूब आठ वेळांची. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं म्हटलं तर दोन-तीन दिवसांत संपते. ‘मला तर महिनाभर पुरली’ असं कोणी म्हणालं तर समजावं, छापलेल्या संरक्षणाच्या जवळपासही ती व्यक्ती गेलेली नाही.

आणि पुरेसं लावल्यावरच दोष दिसतात. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडवालं असेल तर सावळ्या कातडीवर राखाडी छटा येते. दहा मिनिटांनी गेली तर ठीक, न गेली तर कितीही चांगलं असो, ते आपलं नव्हे. रासायनिक फिल्टरवालं असेल तर खरी परीक्षा घरात होत नाही. ठाण्याहून सकाळची लोकल, घाम, कपाळावरून ओघळ डोळ्यांत. झोंबलं की निकाल लागला. आजचं झोंबलं नाही. पांढऱ्या कुर्त्याच्या गळपट्टीवर मात्र संध्याकाळी पिवळट रेघ होती. ॲव्होबेन्झोन हा रासायनिक फिल्टर असेल तर जड, लोहयुक्त पाण्यात धुतल्यावर ती गंजासारखी तांबूस होते. त्यावर ब्लीच टाकायचं नाही, लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड लावून ठेवायचं. बोअरिंगचं पाणी असलेल्या सोसायट्यांतून हा त्रास जास्त.

सोमवार

सीरमला ड्रॉपर आहे म्हणून मोजणं सोपं. पातळ द्रवाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, तेव्हा ५ मिलीचे १०० थेंब. एका वेळी चार धरले तर २५ वेळा. बॉक्समधली ही एकच वस्तू अशी, जी थोडाफार धीर धरू देते. तरीही डागांचा निकाल नाहीच. नायसिनमाइडला त्यासाठी आठ आठवडे तरी द्यावे लागतात. १० टक्केवालं काहींचे गाल लाल करतं, त्यांनी ५ टक्क्यांचं बघावं.

आज घोटाळा झाला तो थरांचा. सीरमवर लगेच सनस्क्रीन चोळलं आणि मळ निघावा तशा वळ्या सुटल्या. वस्तू खराब नव्हती. सीरममधला घट्टपणा आणणारा पदार्थ वाळून त्याचा पापुद्रा होतो, वरून सिलिकोनवालं काही घासलं की तो पापुद्रा गुंडाळला जातो. उपाय तीन: सीरम कमी, मध्ये पाच मिनिटं, आणि सनस्क्रीन चोळायचं नाही, थापटत बसवायचं. तरी वळ्या सुटल्याच तर ही जोडी जमणारी नाही. पूर्ण बाटली घेण्याआधी हे कळणं, यासाठी तरी बॉक्सचे पैसे वसूल.

शुक्रवार, रात्री

रेटिनॉलच्या पुड्या अजून बंदच आहेत. नव्याने सुरू करताना रेटिनॉल आठवड्यातून दोनदाच, वाटाण्याएवढं, पाव ग्रॅमच्या आसपास, कोरड्या चेहऱ्यावर, डोळे आणि नाकपुड्यांच्या कडा सोडून. या हिशेबाने २ ग्रॅमची पुडी सात-आठ वेळांची, म्हणजे महिनाभराची. पण रेटिनॉलला हवा आणि उजेड सोसत नाही. एकदा फाडलेली पुडी कपड्याची क्लिप लावून दोन-तीन रात्री नेता येते, महिनाभर नाही. लगोलग संपवावी म्हटलं तर नाकाच्या कडेची कातडी सोलून निघते. उरलेलं क्रीम रिकाम्या डबीत काढून ठेवायचा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो ऐकू नये. डबी कितीही धुतली तरी आपण त्यात बोट आणि बाथरूमची हवा दोन्ही घालतो. थोडक्यात, ही वस्तू पुडीत देणंच चुकीचं. नळीसारख्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये ५ ग्रॅम दिली असती तर चाललं असतं. पुडीतून एकच गोष्ट शिकता येते: एका रात्री लावून दुसऱ्या दिवशी कितपत ओढल्यासारखं होतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेवढंही करायचं नाही, पुडी सरळ बाजूला.

परफ्यूमचं थोडक्यात. २ मिलीचे साधारण २० फवारे. कागदावर एक, मनगटावर एक, मनगटं एकमेकांवर न घासता. पहिल्या पंधरा मिनिटांतला लिंबू-संत्र्याचा भपका विकण्यासाठी असतो. चार तासांनी काय उरतं ते बघायचं, आणि दमट हवेत ते गोड असेल तर डोकं धरतं. या कुपीने धरलं.

रविवार

बँकेचा संदेश: पुढच्या बॉक्सचे पैसे उद्या कापले जातील. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावर आपोआप होणाऱ्या वसुलीआधी किमान २४ तास असा निरोप यावाच लागतो आणि त्यातूनच ती वसुली थांबवता येते. यूपीआयवर असेल तर ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून मँडेट (वसुलीला दिलेली परवानगी) रद्द करायचं. नुसतं बॉक्सवाल्यांचं ॲप काढून टाकल्याने काही होत नाही, पैसे जातच राहतात. हा महिना वगळला. रेटिनॉलच्या पुड्या आणि अर्धं सीरम अजून शिल्लक आहे, आणि सहा महिन्यांची वर्गणी एकदम भरली की मिळणारी सूट ही परताव्याची अट वाचल्यावर तितकीशी मोठी वाटत नाही.