सम कुणाकडे?

गाण्याच्या प्राथमिक वर्गातल्या मुलांना तीनतालाचा, म्हणजे सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालाचा, ठेका पाठ असतो; ठेका म्हणजे दर मात्रेच्या बोलांचा ठरलेला क्रम. ‘धा धिं धिं धा’ एका दमात म्हणून दाखवतात, टाळ्या आणि काल (टाळीऐवजी हात बाजूला करून दाखवायची मात्रा) हेही बरोबर देतात. पण मध्येच थांबवून ‘अकरावी मात्रा कोणती?’ असं विचारलं की सगळे पुन्हा ‘धा’पासून पुटपुटायला लागतात, पाढा अडला की पहिल्यापासून म्हणतात तसे. परीक्षेत हे खपून जातं. गाताना नाही. तान संपवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं तर मधल्या मात्रेवरून पुढचं दिसावं लागतं. बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवून पाहिलं, तर लक्ष गाण्यातून उठून बोटांत जाऊन बसलं.

म्हणून चेंडू आणला. साधा रबरी. मुलांनी गोल करून बसायचं, मोबाइलवर ठेका लावायचा, लय मिनिटाला साठ मात्रांची, म्हणजे सेकंदाला एक. प्रत्येकाने आपला बोल म्हणायचा आणि पुढच्या मात्रेला चेंडू शेजाऱ्याच्या हातात. ज्याच्याकडे सम येईल त्याने चेंडूचा जमिनीवर एक टप्पा द्यायचा. टाळीच्या मात्रेला बाकीच्यांनी टाळी वाजवायची. काल आला की चेंडू डोक्यावर धरायचा आणि टाळी कुणीच वाजवायची नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. न वाजवण्यासाठीही वेळ साधावी लागते, हे लहान हातांना पटतच नाही. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत (तालाच्या पूर्ण फेऱ्यांत) कालावर कुणीतरी हमखास टाळी वाजवायचंच, आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडायचे.

त्या शनिवारी बारा मुलं होती. खेळ रंगला, चेंडू न पडता गोल फिरू लागला, आणि चौथीतली एक मुलगी एकदम म्हणाली, “ताई, हे चीटिंग आहे. टप्पा आम्हाला येतच नाही!”

मी म्हटलं, “येईल गं, थांब जरा.” आणखी काही आवर्तनं झाली. खरंच येत नव्हता. टप्पा पहिल्याकडे, मग पाचव्याकडे, मग नवव्याकडे, आणि पुन्हा पहिल्याकडे. एवढंच नाही, कालही याच तिघांच्या डोक्यावर. उरलेल्या दोन टाळ्यांच्या वेळीही चेंडू यांच्याच हातात. बाकीचे नऊजण नुसते हमाल.

हिशेब सरळ आहे. सोळातून बारा गेले, उरले चार, म्हणून सम दर आवर्तनाला चार जागा पुढे सरकते आणि तीन उड्यांत घरी येते. तीनतालाचे विभागही चार-चार मात्रांचेच, त्यामुळे एक, पाच, नऊ, तेरा या सगळ्या मानाच्या मात्रा त्याच तीन जागांवर पडतात. हे मला कळलं, पण मी बोलले नाही. फळ्यावर सोळा आकडे लिहिले, त्यांच्याखाली बारा मुलांचे क्रमांक मांडायला सांगितले आणि खडू त्या मुलीच्या हाती दिला. एरवी ‘विभाग’ या शब्दाला जांभया देणारी मुलं फळ्यापाशी ढकलाढकली करू लागली. “पाचवी टाळी, तेरावी टाळी, नववीला काल,” असं तीच एकमेकांना सांगत होती. चार-चारचे खंड मी याआधी कितीदा तरी पट्टी मारून दाखवले होते, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

एवढ्यात एक मुलगा धापा टाकत आला. सायकल पंक्चर. एरवी उशिरा येणाऱ्याला मी दाराशी बसवते. पण त्याला गोलात घेतलं आणि ठेका पुन्हा लावला. आता तेराजण. सम पहिल्याकडून चौथ्याकडे, सातव्याकडे, दहाव्याकडे, तेराव्याकडे. पुढचं टप्पा पडायच्या आधीच मुलं ओरडली, “तिसरा!” आणि तिसऱ्याकडेच आली. टप्पा प्रत्येकाला मिळेपर्यंत कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. मधेच मी ठेका बंद केला आणि विचारलं, “अकरावी मात्रा?” “तिं!” ‘धा’पासून कुणी सुरुवात केली नाही. कालाच्या पुढची दुसरी, म्हणून तिं, असं एकाने कारणही दिलं.

पुढच्या एका वर्गाला पुन्हा बारा मुलं आली, तर पाचव्या आणि नवव्या जागेवरून भांडणं. मी सगळ्यांना बसू दिलं आणि मग झपताल लावला. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. जागा पटकावलेले दोघे गालात हसत होते, पण सम एक आड एक जागेवर फिरू लागली. विषम आकड्यांच्या जागांवर सम, सम आकड्यांच्या जागांवर काल. सहाव्या जागेवरचा मुलगा चेंडू डोक्यावर धरून, ठेका सोडून ओरडला, “सम तुमची, काल आमचा!” आणि आठव्या मात्रेची टाळी चुकली.