सिग्नल ८२, क्वालिटी शून्य

नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतो. त्याच भरवशावर आईसाठी घरात ठेवायचा अँटेना आणला. दुकानदारही म्हणाला, "टॉवर जवळच आहे नं भाऊ, बिनधास्त न्या." खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, सर्च मारमारून थकलो, एक चॅनल लागलं नाही. दूरदर्शनने टॉवरवरून होणारं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळपास देशभर बंद केलं, हे मला नंतर कळलं. विकणाऱ्याने तरी सांगायचं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

मग डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवर चालणारी मोफत सेवा, घेतली. महिन्याचं रिचार्ज नाही, सह्याद्री लागतं, आईला तेवढंच हवं होतं. लावून देणारा चार दिवस "उद्या येतो" म्हणत राहिला. पाचव्या दिवशी पाना मीच हातात घेतला.

आणि अडलो. स्क्रीनवर सिग्नल ८२, क्वालिटी शून्य. मी गॅलरीत डिश फिरवतोय, आई आतून ओरडतेय, "शून्यच आहे रे!" अशा दोन संध्याकाळी गेल्या. सिग्नलच्या आकड्याला भुलू नका. एलएनबी (डिशच्या पुढच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा भाग) चालू आहे, केबल जोडलेली आहे, एवढंच तो सांगतो. उपग्रह सापडला की क्वालिटी हलते.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ नागपूरहून आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १४५ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर आहे. मी मोबाइल डिशच्या पाठीला टेकवून ६० अंश मोजले होते, चूक तिथे होती. ही डिश ऑफसेट असते, दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं पकडते. म्हणजे माझी डिश उपग्रहाच्या डोक्यावरून भलतीकडेच बघत होती. ब्रॅकेटवरच्या खुणा पाहून ती बरीच उभी केली. दुसरी गडबड कूलरच्या लोखंडी स्टँडची. त्याच्याशेजारी मोबाइलचं होकायंत्र भरकटत होतं. चार पावलं लांब उभं राहून दिशा घेतली, समोरच्या इमारतीची एक खिडकी खूण म्हणून धरली आणि डिश केसभर सरकवत, दरवेळी पाच सेकंद थांबत गेलो.

"चाळीस! अरे, पासष्ट झालं!"

तसाच नट आवळला. आवळतानाही डिश हलते, तेव्हा कोणाला तरी टीव्हीसमोर बसवून ठेवा. केबलच्या बाहेरच्या जोडाला पावसाळ्याआधी टेप गुंडाळा. आणि धो धो पावसात चित्र गेलं तर डिशला हात लावू नका, पाऊस ओसरला की आपोआप येतं.