बाबूराव ऐकतात कसं, ते बघ

अभिनय बघायचा कसा, हे मला आपल्या शाळेनं शिकवलं, आणि ते नट बाबूराव पेंढारकरांच्या निमित्तानं.

मी नववीत होतो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात माझ्या वाट्याला तुरुंगाधिकारी आला. वाक्यं मोजकीच, बाकी सगळा वेळ उभं राहून नायकाचं ऐकायचं. माझा उतरलेला चेहरा मराठीच्या सरांनी हेरला. म्हणाले, "आरं, 'दो आँखें बारह हाथ' पुन्हा लागलाय न्हवं? जा, बघून ये. शांतारामबापूंच्याकडं बघू नकोस. बाबूराव ऐकतात कसं, तेवढं बघ."

गेलो. शांतारामबापूंचा, म्हणजे व्ही. शांताराम यांचा आदिनाथ जेलर सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर न्यायची परवानगी मागतो, आणि बाबूराव त्याचे वरिष्ठ. त्या माणसाला हे पटत नाही, पण समोरच्याची तळमळ मात्र पोचते. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दिसतात. आवाज चढत नाही, हातवारे नाहीत. संमेलनात मी तसं उभं राहायचा प्रयत्न केला. सरांनी पाठीवर थाप मारली, ती मला बक्षिसापेक्षा मोठी.

मग सर बाबूरावांविषयी सांगतच राहिले. जन्म कोल्हापूरचा, १८९६ चा. दिग्दर्शक भालजी पेंढारकर त्यांचे धाकटे भाऊ. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले, पुढं 'प्रभात' फिल्म कंपनीत आले. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथंच, कोल्हापुरात झाला. त्यात तारामतीला छळणारा गंगानाथ बाबूरावांचा. १९३६ साली मास्टर विनायक आणि पांडुरंग नाईक यांच्याबरोबर त्यांनी हंस पिक्चर्स काढली. पहिल्याच 'छाया'ला कथा वि. स. खांडेकरांची! एवढी माणसं एका गावात, हाकेच्या अंतरावर होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

'डॉ. कोटनीस की अमर कहानी'त ते चिनी सेनापती झाले. आणि १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'मध्ये जोतीराव. सावित्रीबाई सुलोचनाबाईंच्या. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. माझ्या मते बाबूरावांचं सर्वांत मोठं काम हेच. गंगानाथाचा दुष्टावा ज्या डोळ्यांत दिसला, त्याच डोळ्यांत जोतीरावांची करुणा दिसावी, आणि दोन्ही खरं वाटावं, ही ताकद फार थोड्यांकडं असते. नायकांची नावं पोरांना पाठ असतात; बाबूरावांसारखा नट मात्र कुणीतरी बोट धरून दाखवावा लागतो.

८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले. सर त्या दिवसांत वर्गात कविता सोडून त्यांच्याविषयीच बोलले.

शाळेच्या अमृतमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात 'महात्मा फुले' दाखवावा, ही माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. पडदा आणि प्रोजेक्टरचा खर्च आमची बॅच उचलेल. चित्रपटाआधी पोरांना बाबूरावांविषयी चार शब्द सांगायला मी आनंदानं येईन.