पाच जणांची हमी आणि तेरावा महिना

दिल्लीत राहणारं सहा माणसांचं एक अफगाण कुटुंब आम्ही पाच जणांनी हमी घेऊन कॅनडात, मिसिसॉगाला आणलं. पाचांतले तिघं मराठी, एक पंजाबी, एक इथलीच निवृत्त शिक्षिका. अर्ज २०२० च्या जानेवारीत गेला, माणसं २०२३ च्या फेब्रुवारीत उतरली. कोणकोणते कागद लागले, काय अडलं आणि कशामुळे, ते एकदाच लिहून ठेवतो, कारण ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं आणि दर वेळी फोनवर तासभर जातो.

आधीच सांगतो, आम्ही गेलो तो 'ग्रुप ऑफ फाइव्ह'चा रस्ता सरकारने २९ नोव्हेंबर २०२४ पासून नव्या अर्जांसाठी बंद केला. सरकारशी करार असलेल्या संस्थांचा (यांना सगळे 'सा' म्हणतात) रस्ता वेगळा आहे. त्यांना वर्षाकाठी ठरावीक जागा मिळतात, त्यामुळे तिथे रांग लावावी लागते. फॉर्म मात्र बहुतेक तेच, आणि चुका तर हमखास त्याच.

कुठलं काम कोणाचं हे आधी डोक्यात पक्कं असलं पाहिजे. कॅनडा परदेशातून निर्वासित आणतं ते दोन मुख्य वाटांनी. एक सरकारी: संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था (यूएनएचसीआर) नाव सुचवते आणि पहिल्या वर्षाचा खर्च सरकार करतं. दुसरी खासगी: नाव आपण द्यायचं, बारा महिन्यांचा खर्च आणि उस्तवारी आपली. सुरक्षा तपासणी, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, विमानभाड्याचं कर्ज, आल्यानंतरचे भाषेचे वर्ग हे दोन्हीकडे सरकारचंच. खासगी वाट १९७९ मध्ये व्हिएतनाममधून बोटींनी निघालेल्या लोकांच्या वेळी खऱ्या अर्थाने रुळली, आणि त्याबद्दल १९८६ मध्ये नान्सेन पदक अख्ख्या कॅनडाच्या जनतेला मिळालं. तेव्हा तत्त्व असं होतं की खासगी आकडा सरकारी आकड्याच्या वर, जास्तीचा. २०२४ चं सरकारी उद्दिष्ट पाहा: सरकारी खर्चाने २१,११५ आणि खासगी हमीने २७,७५०. वरकड म्हणून सुरू झालेली वाट आता मुख्य वाटेहून रुंद आहे. मला यात सरकारचं कौतुक आणि सरकारची पळवाट दोन्ही दिसतात.

ग्रुप ऑफ फाइव्हसाठी अट सोपी वाटते: अठरा वर्षांवरचे किमान पाच नागरिक किंवा कायम रहिवासी, आणि कुटुंब जिथे राहणार त्याच भागातले. खरी गोम पुढे आहे. २०१२ पासून या वाटेला निर्वासित दर्जा मिळाल्याचा कागद सक्तीचा झाला. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे दिल्लीतल्या अफगाणांना हा कागद यूएनएचसीआर देते. तिथे दोन प्रकारचे कागद मिळतात आणि लोक ते सर्रास एकच समजतात. एक, 'अंडर कन्सिडरेशन सर्टिफिकेट', म्हणजे अर्ज विचाराधीन आहे. दुसरं, निर्वासित असल्याचं प्रमाणपत्र किंवा कार्ड. चालतं फक्त दुसरं. पहिल्यावर अर्ज पाठवला तर पुढे वाचलाही जात नाही. आणि हे सगळं फुकट असतं. यूएनएचसीआरची नोंदणी, कॅनडाचा अर्ज, बोटांचे ठसे, कशालाच निर्वासिताकडून पैसे नाहीत. कार्ड 'काढून देतो' म्हणणारा दलाल भेटला तर तिथूनच मागे फिरा. हमीदारानेही कुटुंबाकडून एक डॉलर घ्यायचा नाही, 'तुमच्याच खर्चासाठी ठेवतो' असं म्हणूनसुद्धा नाही.

आता फॉर्म. मुख्य अर्ज आयएमएम ०००८. त्याला जोडून निर्वासितांसाठीचं परिशिष्ट, ज्यात देश का सोडला ते लिहायचं. आणि पार्श्वभूमीचा फॉर्म आयएमएम ५६६९, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा वेगळा. हमीदारांकडून हमीपत्र, सेटलमेंट प्लॅन आणि प्रत्येकाच्या उत्पन्नाचे पुरावे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते ५६६९ पायी. त्यात मागच्या दहा वर्षांचा हिशेब महिन्यांनिशी द्यायचा: कुठे राहिलात, काय करत होतात. एक महिनाही मोकळा चालत नाही. काम नव्हतं तर 'बेरोजगार' लिहायचं, लपून राहिलात तर तेच लिहायचं. आमचा पहिला अर्ज परत आला तो आमच्याच चुकीने: काबूल सोडल्याचा महिना एका फॉर्मवर मे, दुसऱ्यावर जून. नंतर आम्ही भिंतीवर मोठा कागद लावला, वर वर्षं आणि महिने, खाली प्रत्येक माणसाची एक ओळ. सगळे फॉर्म त्या कागदावरून भरले.

तारखांचा दुसरा घोळ पंचांगाचा. अफगाण ओळखपत्रावर (तझकिरा) सन हिजरी शमसी असतो आणि बऱ्याचदा जन्मतारीख नसतेच, 'सन १३८० मध्ये वय १४' एवढंच असतं. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसं इथे ६२१ मिळवायचे. पण त्यांचं वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या जन्माला ६२२. शमसी १३७० म्हणजे मार्च १९९१ ते मार्च १९९२. तारीख माहीत नसलेल्यांना सगळीकडे १ जानेवारी मिळते. मिळू दे, पण यूएनएचसीआरच्या कार्डावर जी छापली आहे तीच सर्वत्र ठेवा. 'खरी' तारीख दुरुस्त करायचा मोह झाला की तीन कागदांवर तीन माणसं तयार होतात. नावांचंही तेच. आडनाव नसतं, असलं तर भावाभावांचं वेगळं. दिल्लीत जन्मलेल्या धाकट्याच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावाचं स्पेलिंग निराळं होतं. ते बदलत बसण्यापेक्षा 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र जोडलं, ते चाललं.

कुटुंबात कोण धरायचं हा तिसरा भाग, आणि इथली चूक आयुष्यभर नडते. बावीस वर्षांखालचं अविवाहित मूल आश्रित धरतात, आणि वय मोजतात ते अर्ज पोचला त्या दिवशीचं. आमच्यातल्या थोरल्याला बावीस व्हायला पाच महिने होते, म्हणून एवढी घाई केली. वय गोठतं, पण अविवाहित असण्याची अट गोठत नाही. अर्ज चालू असताना त्याची सोयरीक जमत होती. तेव्हा लग्न लागलं असतं तर तो अर्जातून बाहेर पडला असता. हे त्याच्या आजीला समजावणं दिल्लीतल्या कुठल्याही कचेरीपेक्षा अवघड गेलं. आजींचा स्वतःचा अर्ज वेगळा होता, कारण सासू-आई ही कायद्याने आश्रित नव्हे. तिचं स्वतःचं निर्वासित कार्ड लागतं, आणि दोन्ही अर्जांत एकमेकांचा उल्लेख करावा लागतो. आणि जे बरोबर येणार नाहीत, काबूलमध्ये राहिलेत, ज्यांचा पत्ताच नाही, अशी जोडीदार-मुलंही अर्जात लिहायचीच. लिहिली तर मुख्य अर्जदार पोचल्यापासून एका वर्षाच्या आत त्यांना बोलावता येतं. लिहिली नाहीत तर पुढे त्यांना कुटुंब म्हणून बोलावणं फार अवघड होतं. भीतीपोटी लोक नावं गाळतात, आणि दहा वर्षांनी रडतात.

कागद पुरे झाले की पाठवण्याआधी हमीदारांना मार्गदर्शन करणाऱ्या रेफ्युजी स्पॉन्सरशिप ट्रेनिंग प्रोग्रॅमच्या लोकांकडून तपासून घ्या, ते फुकट बघून देतात. आम्ही दुसऱ्या खेपेला तेच केलं. मग ओटावाला ईमेल, हमी मंजूर, आणि फाइल दिल्लीच्या उच्चायुक्तालयाकडे.

इथून पुढे घड्याळ सरकारच्या हातात. सुरक्षा तपासणीला मुदत नाही. काय चाललंय ते कळायला एकच उपयोगी मार्ग: माहिती अधिकाराचा अर्ज, फी पाच डॉलर, सोबत अर्जदाराचं संमतीपत्र. त्यातून फाइलवरच्या नोंदी मिळतात आणि पात्रता, वैद्यकीय, गुन्हे, सुरक्षा यांतलं काय झालंय, काय राहिलंय ते दिसतं. खासदाराच्या कचेरीकडूनही चौकशी होते, पण तिथून मिळतं ते एका ओळीचं उत्तर.

मुलाखतीत मुख्यतः दोन गोष्टी तपासतात: परत गेलात तर धोका काय, आणि भारतातच का राहू शकत नाही. दुसऱ्याचं उत्तर लोक कच्चं देतात. 'कॅनडा चांगला देश आहे' हे उत्तर नव्हे. भारतात कायम राहण्याचा हक्क नाही, रीतसर कामाची परवानगी नाही, नागरिकत्वाची वाट नाही, हे आपल्या रोजच्या जगण्यातल्या उदाहरणांनी सांगायचं: मुलाला कुठल्या प्रवेशाला काय नाकारलं, घरमालकाने काय कागद मागितला. आणि फॉर्ममध्ये भाषा दरी (अफगाणिस्तानातली फारसी) लिहिली असेल तर दुभाष्यामार्फत दरीतच बोलावं. या कुटुंबाला हिंदी छान येतं, आमचं सगळं बोलणं हिंदीतच व्हायचं, पण हिंदीत 'भाई को मारा' म्हटलं की मारहाण केली की जीव घेतला? आपल्या 'मारलं'सारखंच. एका कागदावर जखमी असलेला भाऊ मुलाखतीच्या नोंदीत ठार झाला तर अख्ख्या जबानीवर शंका येते.

वैद्यकीय तपासणी बारा महिने चालते. सुरक्षा तपासणी लांबली की ती बाद होते आणि एक्स-रेपासून पुन्हा सगळं. सहाही जणांची तपासणी दोनदा झाली. व्हिसाची मुदतही या तपासणीला बांधलेली असते, आणि म्हणूनच शेवटचा टप्पा जिवाला घोर लावतो: भारतातून बाहेर पडण्याची परवानगी. निर्वासिताचा मूळ भारतीय व्हिसा बहुधा कधीच संपलेला असतो, त्यामुळे एफआरआरओचा (परदेशी नागरिकांची नोंदणी बघणारी भारतीय कचेरी) एक्झिट परमिट लागतो. अर्ज ऑनलाइन. यूएनएचसीआरचं कार्ड, जुना पासपोर्ट, राहत्या जागेचा पुरावा, कॅनडाचा व्हिसा किंवा प्रवासाचा कागद, प्रत्येकाचं वेगळं. भारतात जन्मलेल्या बाळाचंसुद्धा वेगळं, आणि नेमकं तेच विसरतं. पासपोर्ट नसेल तर कॅनडा एकाच प्रवासापुरता कागद देतं. भाडेकरार तोंडी असेल तर व्हिसा यायची वाट न बघता सहा महिने आधी लेखी करून घ्या.

तिकीट आयओएम ही आंतरराष्ट्रीय स्थलांतर संस्था काढते, पैसे सरकारी कर्जातून. २०१८ पासून त्यावर व्याज नाही, पण फेडायचं कुटुंबालाच आहे, हे त्यांना विमानात बसण्याआधी नीट सांगा. हमीदाराला आगमनाची सूचना जेमतेम दहा-बारा दिवस आधी येते. विमानतळावर ओळखायची खूण म्हणजे आयओएमची पांढरी प्लॅस्टिकची पिशवी, हातात वर धरलेली. तीत सगळे मूळ कागद असतात. घरी आल्यावर ती पिशवी कचऱ्यात जाता जाता वाचली, म्हणून सांगतो.

पैशांचं. सहा जणांसाठी सरकारी तक्त्यातली किमान रक्कम पस्तीस हजार डॉलरच्या घरात होती. मिसिसॉगात दोन खोल्यांचं बेसमेंट २,७०० ला मिळालं, म्हणजे वर्षाच्या भाड्यातच ३२,४०० गेले. बाकी सगळं त्याच्या वर. तक्ता देशभरासाठी एकच, घरभाडी मात्र शहरागणिक वेगळी, आणि या फरकाबद्दल सरकार हमीदाराला काही विचारत नाही, देतही नाही. वेगळं संयुक्त खातं काढा, दोन सह्यांचं. घरात आधी लागलं ते असं: गाद्या सहा, जाड रजया, मोठा प्रेशर कुकर (अफगाण घरात तो आपल्यापेक्षा जास्त चालतो), चहाचा थर्मास, वीस किलो तांदूळ. सोफा तीन महिने कोणाला आठवला नाही.

पहिल्या आठवड्यात सिन नंबर (नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक), बँक खातं, ओहिप कार्ड (प्रांताचा आरोग्य विमा), शाळा, भाषेची चाचणी. पहिल्याच दिवशी मात्र मुलांच्या भत्त्याचा अर्ज, आरसी ६६. पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, मागचे मिळतात. तो भत्ता कुटुंबाचा, त्याच्या बदल्यात आपली रक्कम कापायची नाही. नियम आहे, आणि हमीदारांत सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरूनच होतात. या बारा महिन्यांत कुटुंबाने सरकारी कल्याण भत्ता घेतला तर हमी मोडली असं धरतात. अफगाण पासपोर्टवर मायदेशी चक्कर मारायची नाही, हेही पहिल्याच महिन्यात सांगा. निर्वासित दर्जा आणि कायम रहिवास दोन्ही जाऊ शकतात.

बारावा हप्ता संपला की पुढच्याला इथले लोक 'मंथ थर्टीन' म्हणतात. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना असतो, तोच हा. तयारी नवव्या महिन्यापासून करावी: भाडेकरार कोणाच्या नावावर, कमावणारे किती, आयकराचं विवरण भरलं का (न भरल्यास मुलांचा भत्ता थांबतो), मागे राहिलेल्यांना बोलावण्याची एक वर्षाची मुदत कुठल्या तारखेला संपते. आमच्याकडे ती तारीख फ्रिजवर चिकटवली होती. थोरल्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या पगाराच्या पावत्या दाखवून बेसमेंटचा करार त्यांच्या नावावर झाला, आणि त्याच आठवड्यात विमानभाड्याच्या कर्जाचा पहिला हप्ता मागणारं पत्र आलं.