एकशे एकोणसत्तरवाला पत्ता

'अरे, वायफाय जोडलेलं दिसतंय, पण काहीच उघडत नाहीये!' असा सोसायटीतून फोन आला की मी आधी विचारतो, 'काकू, आयपी अ‍ॅड्रेस काय दिसतोय?' म्हणजे नेटवर्कमधला संगणकाचा आकडी पत्ता. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मला हायसं वाटतं. निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

नेटवर्कमध्ये नव्याने शिरणाऱ्या संगणकाची अवस्था मोठी गमतीची असते. त्याला स्वतःचा पत्ता नसतो आणि तो कुणाकडे मागायचा हेही ठाऊक नसतं. म्हणून तो ०.०.०.० या नावाने सगळ्यांनाच ऐकू जाईल अशी हाक मारतो. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे घरात बहुधा राउटरच, एक पत्ता पुढे करतो. संगणक म्हणतो, 'हा चालेल'. राउटर म्हणतो, 'दिला'. चार निरोपांत काम फत्ते. ही पद्धत १९९३ मध्ये ठरली आणि १९९७ मध्ये तिला आजचं रूप आलं.

हाकेला 'ओ' आलीच नाही तर? विंडोज ९८ पासून संगणक १६९.२५४ च्या रांगेतला एखादा पत्ता आपणच उचलतो आणि 'हा कुणाचा नाही ना?' असं विचारून लावून घेतो. त्यावर शेजारच्या तशाच संगणकाशी बोलता येतं, पण राउटर त्याला पुढे सोडत नाही. मला हा प्रकार प्रामाणिक वाटतो. दुखणं राउटरपर्यंतच आहे, हे तो आकडा सरळ सांगतो. तेव्हा केबलवाल्याला 'लाइन बघा हो' म्हणून फोन करून उपयोग नाही. वायर ढिली असेल, नको ती ये-जा अडवणारी फायरवॉल आडवी आली असेल किंवा राउटरकडचे पत्तेच संपले असतील.

ते संपतात कसे, याची खरी मजा सणावाराला. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतो. निम्मी मुदत सरली की संगणक आपणहून नूतनीकरण मागतो. अकरा महिन्यांच्या करारातला कुठला भाडेकरू सहाव्या महिन्यात घरमालकाचं दार वाजवतो? गणपतीला आलेले पाहुणे मात्र फोन खिशात टाकून डोंबिवलीला निघून जातात आणि त्यांचे पत्ते मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. त्यात कुणी राउटरमध्ये 'उगाच कशाला जास्त' म्हणून मोजकेच पत्ते ठेवलेले असले, की घरचाच लॅपटॉप उपाशी. राउटर बंद-चालू केल्यावर बरेचदा सुटका होते, कारण पुष्कळसे घरगुती राउटर तेवढ्यात भाडेकरूंची यादी विसरतात. त्यापेक्षा मुदत कमी करावी, पत्ते वाढवावेत. पण ऐकतं कोण!

डोकं खाजवायची वेळ येते ती पत्ता व्यवस्थित मिळूनही नेट चालत नाही तेव्हा. विंडोजच्या आयपीकॉन्फिग या आज्ञेने पत्ता सोडून पुन्हा मागितला तरी तसलाच येतो. मग मी जरा चाचरत विचारतो, 'काकू, कपाटावरचा जुना राउटर कुणी जोडलाय का?' कारण मग दोघेही पत्ते वाटत बसतात, आणि संगणक बहुधा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचंच ऐकतो; जुन्याचं ऐकलं की नेटची वाट चुकते.

'ह्यांनी लावलाय. बेडरूममध्ये रेंज येत नव्हती ना!'